मैदानांचे दत्तकविधान

हिंदू कुटुंबातील जुनी रीत अशी की, दत्तक गेलेल्या मुलाला दत्तक घेणाऱ्याच्या घराचा वारसा मिळतो. मुंबईच्या मैदानांच्या नशिबी ही रीत नेमकी उलटी आली. येथे दत्तक घेणारा बापच लेकराच्या मालमत्तेचा धनी झाला, घराला कुंपण घातले आणि सख्ख्या भावंडांना दारावरच अडवून 'सभासद आहात काय' असे विचारू लागला. 'दत्तक', 'काळजीवाहू', 'पालकत्व', 'भागीदारी' असे मायेचे शब्द महानगरपालिकेच्या कागदांत जेव्हा फार दाटीने येऊ लागतात, तेव्हा कोणता तरी भूखंड हातचा जाणार, एवढे समजण्याइतका अनुभव या शहरातील कष्टकऱ्यांनी गाठीशी बांधला आहे.

१९९० च्या दशकापासून मुंबई महानगरपालिकेने आपल्या मालकीची उद्याने, क्रीडांगणे व मनोरंजन मैदाने खासगी संस्थांच्या हवाली करण्यास सुरुवात केली. त्याचे दोन प्रकार होते. दत्तक तत्त्वावर संस्थेने केवळ देखभाल करावयाची. काळजीवाहू तत्त्वावर मात्र मोठ्या भूखंडाच्या काही भागावर जिमखाना वा क्लबगृह बांधण्याची मुभा तिला मिळत असे. कागदावर अटी पुष्कळ होत्या. मैदान सर्वांना खुले राहील, शुल्क माफक राहील, मुदत संपताच जागा परत होईल, असे सारे काही लिहिलेले होते. प्रत्यक्षात काय झाले? अनेक ठिकाणी क्लबगृह आधी उभे राहिले, मग त्याचे सभासदत्व आले, मग लग्नसमारंभाची हिरवळ आली, आणि मुदत संपल्यावर जागा परत करण्याचा विषय मात्र कोठेच आला नाही. या संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर कोण होते, हे मुंबईत उघड गुपित आहे. वेगवेगळ्या झेंड्यांचे पुढारी सभागृहात एकमेकांच्या उरावर बसत आणि मैदानांच्या वाटपात मात्र गुण्यागोविंदाने नांदत.

जानेवारी २०१६ मध्ये पालिकेच्या सभागृहात सत्ताधाऱ्यांनी मोकळ्या जागांचे नवे धोरण मंजूर करून घेतले. नागरिकांत एवढा क्षोभ उसळला की, ज्या युतीची पालिकेत सत्ता होती, त्याच युतीच्या मुख्यमंत्र्यांना त्यास स्थगिती द्यावी लागली आणि संस्थांकडील दोनशेहून अधिक भूखंड परत घेण्याचे आदेश निघाले. छोट्या संस्थांनी बऱ्याच जागा परत केल्या. ज्यांच्या क्लबांच्या भिंती पक्क्या होत्या, त्यांच्या दारात पालिकेचा अधिकारी नोटीस घेऊन गेला आणि चहा पिऊन आला, एवढेच म्हणावयाचे.

यानंतर तरी विषय संपावा, पण संपला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दत्तक धोरणाचा नवा मसुदा पुढे आला. त्याची वेळ पाहण्यासारखी होती. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपलेली. निवडणुका लांबणीवर पडलेल्या. कारभार प्रशासकाच्या हाती. म्हणजे ज्या मैदानांचे मालक मुंबईचे नागरिक, त्यांचा एकही निवडून दिलेला प्रतिनिधी सभागृहात नसताना त्या मैदानांच्या भवितव्याचा मसुदा तयार होतो! घरमालक गावाला गेला असताना गुमास्त्याने दिवाणखाना भाड्याने द्यावा, तसाच हा प्रकार. पुन्हा नागरिकांनी सभा घेतल्या, हरकती नोंदवल्या, आणि मसुद्याचे गाडे अडले. सात वर्षांत एकच डाव दोनदा टाकला गेला, यावरून तो तिसऱ्यांदा टाकला जाणार नाही असे मानण्याचा भाबडेपणा कार्यकर्त्यांना परवडणारा नाही.

या धोरणाच्या समर्थनार्थ पुढे केले जाणारे पहिले कारण पैशाचे. पालिकेकडे निधी नाही, म्हणून भागीदार हवा, असे सांगितले जाते. कोणत्या पालिकेकडे निधी नाही? जिचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा आहे, तिच्याकडे? जिच्या बँकांतील ठेवी एके काळी नव्वद हजार कोटींच्या घरात गेल्या होत्या, तिच्याकडे? देशातील अनेक लहान राज्यांपेक्षा मोठे अंदाजपत्रक मांडणारी ही संस्था सागरी रस्त्यासाठी हजारो कोटी उभे करू शकते, पण झोपाळ्याची साखळी बदलण्यासाठी तिला दानशूर शोधावा लागतो. हा निधीचा प्रश्न नाही, हा कोणाच्या गरजेला किती किंमत द्यावयाची याचा प्रश्न आहे. सागरी रस्त्यावरून मोटार जाते, झोपाळ्यावर घरकाम करणाऱ्या बाईचे पोर बसते.

आणि ज्या पालिकांची तिजोरी खरोखरच रिकामी आहे, ती कोणी रिकामी केली? जकात ही महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या उत्पन्नाची मुख्य धार होती. ती आधी बहुतेक शहरांतून गेली आणि मुंबईत जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा करासोबत गेली. तिच्या जागी राज्याकडून येणाऱ्या भरपाईकडे डोळे लावून बसणे आले. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर उतरवण्याची सवलत दिली. म्हणजे आधी कंपनीचा कर कमी करावयाचा, मग सार्वजनिक तिजोरीत खडखडाट असल्याचा टाहो फोडावयाचा, आणि अखेरीस त्याच कंपनीने चार बाके व एक कारंजे दिले की तिच्या नावाचा फलक उद्यानाच्या दारावर लावून हारतुरे घालावयाचे! २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे भाग पाडले. कायद्याने भाग पाडलेला खर्च औदार्य म्हणून मिरवण्याची कला फक्त भांडवलदारालाच साधते. कर दिला असता तर तो पैसा कोठे जावा हे निवडून आलेले सभागृह ठरवते; 'दान' दिले की तो कोठे जावा हे कंपनीचे संचालक मंडळ ठरवते. दोहोंत रक्कम कदाचित सारखीच असेल, पण पहिल्यात नागरिक असतो आणि दुसऱ्यात याचक.

भागीदारीचा खरा चेहरा पाहावयाचा असेल त्याने लखनौच्या अमीनाबादेतील झंडेवाला पार्काची कथा वाचावी. स्वातंत्र्यचळवळीत येथे झेंडा फडकला, सभा झाल्या, त्यावरून हे नाव पडले. १९९३ मध्ये लखनौच्या महापालिकेने एका बिल्डर कंपनीशी करार केला. करार वरवर पाहता मोठा लाभाचा होता. पार्काच्या खाली भुयारी बाजार कंपनी स्वखर्चाने बांधणार, वर पुन्हा बाग फुलवून देणार, पालिकेला दमडी खर्च नाही. हवे आणखी काय? पण अटी उलगडल्या तेव्हा दिसले की निविदा मागवलेल्या नव्हत्या, जमिनीचे मूल्य ठरवलेले नव्हते, आणि दुकाने कोणाला द्यावयाची, किती घेऊन द्यावयाची, हे सारे कंपनीच्या हाती होते. कोट्यवधींची सार्वजनिक जमीन जवळजवळ फुकट गेली होती आणि वरची 'बाग' म्हणजे बाजाराच्या छपरावरील मातीचा थर. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने करार रद्द ठरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै १९९९ मध्ये त्या न्यायालयाने बांधलेला बाजार उखडून पार्क पूर्ववत करण्याचा आदेश दिला. बांधकामावर खर्च झालेला पैसा वाया जाईल, ही सबब चालली नाही. सार्वजनिक जागा पालिकेकडे विश्वस्त म्हणून असते, विश्वस्ताला ती उधळता येत नाही, हे तत्त्व तेथे स्पष्ट झाले. त्याआधी १९९१ मध्ये बंगलोरच्या एका वस्तीत उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णयही याच न्यायालयाने रद्दबातल ठरवला होता. तो निर्णय तर थेट मुख्यमंत्र्यांच्या इच्छेने झालेला होता.

कायदा इतका स्वच्छ असूनही घाट थांबत नाहीत. वांद्र्यात समाजवादी चळवळीतील एक थोर नेते रावसाहेब पटवर्धन यांच्या नावाचे उद्यान आहे. त्याच्या पोटात भुयारी वाहनतळ करण्याचा घाट पालिकेने घातला आणि रहिवाशांना त्याविरुद्ध झगडावे लागले. ज्या माणसाने सत्तेच्या पदांकडे पाठ फिरवली, त्याच्या नावाच्या बागेत मोटारींसाठी भुयार! असो.

भागीदारीचे पुरस्कर्ते न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा दाखला देतात. दाखला जरूर तपासावा. १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आले, बँकांच्या हुकमाने नोकरकपात झाली, उद्याने ओस पडली. त्या पडझडीतून १९८० मध्ये सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही खासगी संस्था जन्मली आणि पुढे पार्कचा कारभारच तिच्याकडे आला. पार्क सुंदर झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या भोवती कोण राहते? जगातील सर्वांत गडगंज माणसांची निवासस्थाने तेथे आहेत. २०१२ मध्ये एका गुंतवणूक-सम्राटाने या एका पार्कला दहा कोटी डॉलर दिले. ब्रॉन्क्सच्या गरीब वस्तीतील बागेला असा दाता कोठून मिळावा? दान हे पाण्यासारखे उताराकडे जात नाही. ते जेथे आधीच तळे आहे तेथेच पडते. सेंट्रल पार्कचे यश हे न्यूयॉर्कच्या सर्व उद्यानांचे यश नव्हे, ते श्रीमंतांच्या अंगणाचे यश आहे.

मुंबईत याहून वेगळे काय होणार? मलबार हिल, कुलाबा, जुहूच्या बागांना दत्तक घेणारे रांगेने उभे राहतील. गोवंडी-मानखुर्दला, देवनारच्या कचराभूमीच्या वाऱ्यात ज्यांची मुले वाढतात, त्यांच्या क्रीडांगणाला कोण दत्तक घेणार? तेथे फलक लावून कोणाची जाहिरात होणार? ज्या शहरात माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे एका खाटेहूनही कमी भरते, आणि केंद्र सरकारची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे जेथे १० ते १२ चौरस मीटरची शिफारस करतात, तेथे मुळात टंचाईचे वाटप न्याय्य कसे व्हावे हा प्रश्न आहे. तो प्रश्न दात्यांच्या मर्जीवर सोपवणे म्हणजे दुष्काळात धान्याचे वाटप सावकाराच्या हाती देणे होय.

दत्तक गेलेल्या बागेत शिरून पाहिले तर बदल प्रथम फाटकावर दिसतो. पूर्वी फाटक मोडके होते, पण उघडे होते. आता ते सुबक आहे आणि दुपारभर बंद आहे. सकाळी चालणाऱ्यांसाठी व संध्याकाळी फिरणाऱ्यांसाठी ते उघडते. मधल्या वेळात ज्यांना सावलीची खरी गरज, त्या बांधकाम मजुराला, दोन पाळ्यांच्या मध्ये घटकाभर आडवे होऊ पाहणाऱ्या रखवालदाराला, पाठीवर खाद्यपदार्थांची पेटी वाहणाऱ्या पोराला, चार घरची धुणीभांडी आटोपून पाचव्या घराची वेळ होईपर्यंत टेकणाऱ्या बाईला ते बंद. आत नियमांचा फलक असतो. चेंडू खेळू नये, हिरवळीवर बसू नये, डबा खाऊ नये, झोपू नये. या नियमांत कोठेही 'गरिबांना मज्जाव' असे शब्द नाहीत. त्यांची गरजही नाही. गरिबाची बागेतील प्रत्येक कृती एकेक करून निषिद्ध केली की काम भागते. ज्याच्या घरात झोपायला, खायला, बसायला जागा आहे, त्याला बाग केवळ फिरायला लागते. ज्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, त्याची बाग ही त्या घराची पडवी असते.

नव्या बागेची निगा राखणारे हातही पाहिले पाहिजेत. भागीदार संस्था माळी नेमत नाही, ती कंत्राटदार नेमते आणि कंत्राटदार माणसे 'पुरवतो'. त्या माणसाला ना हजेरीपत्रक, ना भविष्यनिर्वाह निधी, ना आजारपणाची रजा. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे की हा रोग भागीदारीने आणला नाही. पालिकेने तो स्वतःच आधी लावून घेतला. आपल्या उद्यानांची देखभाल पालिका कित्येक वर्षे कंत्राटावर करून घेत आहे. त्यामुळे 'पालिकेला बागा सांभाळता येत नाहीत' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा वस्तुतः कंत्राटदाराला त्या सांभाळता आलेल्या नसतात. खासगीकरणाच्या अपयशावर अधिक खासगीकरण हाच उतारा सुचवण्याची ही मखलाशी आहे. मुंबईच्या सफाई कामगारांनी वर्षानुवर्षे लढून, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन, २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करून घेतले. बागांतील कामगार त्या वाटेवर यावा, ही संघटनेची जबाबदारी आहे. उद्यानाचा प्रश्न हा केवळ मध्यमवर्गीय नागरिक संघांचा प्रश्न आहे असे समजून कामगार संघटनांनी त्याकडे काणाडोळा केला, ही आपल्या बाजूची चूक मान्य केली पाहिजे.

गिरणगावाची आठवण येथे अपरिहार्य आहे. १९८२ च्या संपाने अडीच लाख गिरणी कामगार रस्त्यावर आले आणि गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडत गेले. सुमारे सहाशे एकर जमिनीचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी, नियम ५८ अन्वये, एक तोड काढली होती. मालकाने जमीन विकसित करावयाची तर एक तृतीयांश महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी, आणि उरलेली स्वतःला. ही क्रांती नव्हती, पण निदान वाटा होता. २००१ मध्ये तो नियम बदलून वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती केली. ज्या जमिनीवर गिरणीचे बांधकाम उभे होते ती वाटणीतून वगळली. गिरणी म्हणजे बहुतांश बांधकामच. धोतर मागितले आणि हाती रुमाल पडला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नागरिकांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. आज लालबाग-परळच्या आकाशात जे मनोरे दिसतात, त्यांच्या पायथ्याशी खासगी बागा आहेत, पोहण्याचे तलाव आहेत. ज्यांच्या बापांनी त्या जागेवर साचे चालवले, त्यांची मुले कबड्डीसाठी उरल्यासुरल्या मैदानांत दाटीवाटी करतात. हीच मैदाने उद्या 'दत्तक' द्यावयाची, असा हा हिशेब आहे. पहिल्या लुटीतून जे निसटले, ते दुसऱ्या लुटीत गोळा करावयाचे.

महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानाचा दाखला याउलट देण्यात येईल. १९१४ पासूनचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला आणि २०२४ मध्ये २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेकडे सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचे राज्य सरकारने ठरवले. ९१ एकर टर्फ क्लबकडे राहिले. पट्टा संपल्यावर अकरा वर्षे एवढी किंमती सरकारी व पालिकेची जमीन घोड्यांकडे राहू शकते आणि झोपडीवाल्याला चोवीस तासांच्या नोटिशीवर उठवता येते, हा भेद लक्षात ठेवूनही १२० एकर हाती येणे चांगलेच. मात्र ते उद्यान कोण चालवणार, प्रवेशशुल्क राहणार काय, आणि जमिनीच्या पोटात काय शिरणार, हे आजच विचारले पाहिजे; फीत कापल्यावर विचारून उपयोग नाही.

यावर एक आक्षेप सद्भावनेने घेतला जातो आणि त्याला उत्तर देणे अवश्य आहे. ओव्हल मैदानाचा उकिरडा झाला होता, सरकार ढिम्म होते. परिसरातील रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली आणि त्यांच्या निगराणीत ते मैदान पुन्हा उभे राहिले. मग रहिवाशांच्या सहभागाला विरोध का? सहभागाला विरोध नाहीच. विरोध मालकीच्या छुप्या हस्तांतरणाला आहे. रहिवासी, खेळाडू, बागेतील कामगार, शेजारच्या झोपडपट्टीतील स्त्रिया, शाळांचे शिक्षक यांची समिती असावी. तिने पालिकेवर लक्ष ठेवावे, पालिकेच्या पैशाचा हिशेब मागावा. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात उद्याने, बागा व क्रीडांगणे हा स्थानिक संस्थांचा विषय म्हणून नोंदला आहे. ती जबाबदारी पालिकेने पार पाडावी आणि लोकांनी ती पार पाडून घ्यावी. मोहल्ल्याची क्षेत्रसभा ही त्यासाठीच असते. राज्याच्या कायद्यात तिची तरतूद २००९ मध्ये झाली आणि ती कपाटातच राहिली, कारण क्षेत्रसभा हिशेब विचारते आणि भागीदार विचारत नाही.

शाखांनी पावसाळ्यापूर्वी करावयाचे काम अवघड नाही. प्रत्येक प्रभागातील उद्याने व मैदाने यांची यादी विकास आराखड्यावरून काढावी आणि जागेवर जाऊन ताडून पाहावी. आराखड्यात हिरवा असलेला तुकडा जमिनीवर कोणत्या रंगाचा झाला आहे, ते नोंदवावे. ज्या जागा संस्थांकडे आहेत त्यांचे करारनामे, मुदती आणि शुल्काचे दर माहितीच्या अधिकाराखाली मागवावेत. बांधकाम कराराबाहेर असेल तर विभाग कार्यालयावर मोर्चा न्यावा, आणि त्यात मुलांना त्यांच्या चेंडूंसह आणावे. बागेत काम करणाऱ्यांना मजुरी कोणाकडून किती मिळते ते त्यांच्याकडूनच विचारून घ्यावे. आणि दुपारी दोन वाजता फाटकाला कुलूप का, हा प्रश्न लेखी विचारावा. उत्तराखाली सही पालिकेच्या अधिकाऱ्याची येते की संस्थेच्या चिटणिसाची, तेही पाहून ठेवावे.